मानाचा पाहुणा डावीकडे

४ तारीख, मंगळवार

सचिवबाईंनी आज मला बोलावून आधी दार लावायला सांगितलं. तेव्हाच ओळखलं, की एकतर माझं काहीतरी चुकलंय किंवा माझं काहीतरी व्हायचंय. देवाच्या कृपेने दुसरं निघालं.

वीस तारखेला सेनाप्रमुख दोन परदेशी सेनाधिकाऱ्यांना मेजवानी देणार आहेत. एक डोंगराळ देशाचे, एक बेटांच्या देशाचे. संयुक्त सरावाचा करार गेलं वर्षभर लोंबकळतोय, तो त्या रात्री व्हावा अशी सगळ्यांची इच्छा. "हे नीट पार पडलं की तुमची फाइल मी स्वतः वर नेते," बाई म्हणाल्या. "तो 'प्रभारी' शब्द काढून टाकू एकदाचा."

सहा वर्षं मी राजशिष्टाचार विभागाचा प्रभारी प्रमुख आहे. खुर्ची तीच, काम तेच, बोलणीही तीच. फक्त सहीखाली हा एक शब्द चपलेतल्या खड्यासारखा टोचतो. दोन वर्षांनी निवृत्त होणार. प्रभारी म्हणूनच निवृत्त झालो, तर निरोपाच्या भाषणात काय म्हणतील?

"पण एक जरी पाहुणा रुसला," बाई पुढे म्हणाल्या, "तर वरच्या मजल्यावरचा टिपटॉप तुमच्या खुर्चीत येऊन बसेल. मग मला बोल लावायचा नाही." टिपटॉप म्हणजे एक तरुण अधिकारी. बुटांत तोंड दिसतं, कामात काही दिसत नाही.

मी म्हणालो, "बाई, कोण कुठे बसतं हे मला झोपेतही चुकायचं नाही."

७ तारीख, शुक्रवार

हिला मेजवानीचं सांगितलं. खूश झाली. मग नेहमीप्रमाणे भलतंच विचारलं: "मेजर लेफ्टनंटपेक्षा मोठा ना? मग मेजर जनरल लेफ्टनंट जनरलपेक्षा लहान कसा?"

हा प्रश्न अडाण्यांना पडतोच. मी सविस्तर सांगितलं. पूर्वी त्या हुद्द्याचं नाव सार्जंट मेजर जनरल होतं. पुढे सार्जंट गळाला, मेजर उरला. आणि लेफ्टनंट म्हणजे मूळ अर्थाने दुसऱ्याची जागा धरून बसणारा. लेफ्टनंट जनरल हा थेट जनरलचीच जागा धरतो, म्हणून तो वर.

"म्हणजे बसच्या सीटवर टाकलेला रुमाल," ही म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. पुढे खांद्यावरची चिन्हंही समजावली. आपल्याकडे ब्रिगेडियरच्या खांद्यावर तीन तारे आणि वर राजचिन्ह असतं. तो मेजर जनरल झाला की एकच तारा उरतो, खाली तलवार आणि दंडाची फुली येते.

"अगंबाई! बढती मिळाली की तारे कमी होतात?"

"म्हणूनच तारे मोजायचे नसतात," मी म्हणालो. "हुद्दा बघायचा."

यावर तिने वर बघितलं आणि म्हणाली, "दादाचेही तारे कमी झाले असते तर किती बरं झालं असतं."

दादा म्हणजे हिचा थोरला भाऊ, माझा मेहुणा. ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाला. बढतीच्या मंडळापुढे दोनदा नाव गेलं, दोनदा परत आलं. बायको वारल्यापासून आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटा राहतो. इमारतीत सगळे त्याला 'जनरलसाहेब' म्हणतात. तो स्वतः म्हणवून घेत नाही, हे मान्य. पण म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो, हेही मी पाहिलंय. आपल्या सैन्यात ब्रिगेडियर हा जनरलांत धरत नाहीत. इतर काही देशांत धरतात, तिथे त्याला ब्रिगेडियर जनरल म्हणतात. तो त्या देशात जन्मला असता तर गोष्ट वेगळी. आज सकाळीच वॉचमनने त्याला हाक मारली तेव्हा मी वॉचमनला बाजूला घेऊन समजावलं, "ब्रिगेडियर म्हणायचं. ब्रिगेडियर म्हणजे जनरल नव्हे." मेहुणा जिन्यातच उभा होता. ऐकलं असेल. ऐकलं तर ऐकलं. खोटी पदवी किती दिवस मिरवायची?

आमच्या दारावरच्या पाटीवर नुसतं 'प्रमुख, राजशिष्टाचार विभाग' आहे. पाटी लहान होती, 'प्रभारी'ला जागा पुरली नाही.

१२ तारीख, बुधवार

पेच पडला होता, आज सुटला. यजमानाच्या उजवीकडची खुर्ची सगळ्यात मानाची, डावीकडची तिच्याखालची. दोन पाहुण्यांपैकी उजवीकडे कोण?

बेटांचे पाहुणे मेजर जनरल. त्यांचं सैन्य आपल्यासारखंच, त्यामुळे शंका नाही. डोंगरवाल्यांचं पत्र मात्र त्यांच्या भाषेत, हुद्द्याचं नाव हातभर लांब. आमच्या दुभाष्याने त्याचं भाषांतर 'पथकाचे सरदार' असं केलं. असा दुभाषी वैऱ्यालाही मिळू नये. शेवटी मी सरळ त्यांच्या वकिलातीत फोन लावला. हुद्द्यांची नावं देशोदेशी बदलतात, म्हणून आमच्या धंद्यात एक सोपी बोली आहे: वन-स्टार, टू-स्टार, थ्री-स्टार. टू-स्टार म्हणजे मेजर जनरल, मग खांद्यावर काहीही असो. मी विचारलं, "तुमचे साहेब किती स्टार?" पलीकडची बाई म्हणाली, "दोन."

झालं! दोघेही मेजर जनरल. बरोबरीचे असले की ज्याची नेमणूक आधीची तो वर. डोंगरवाले फेब्रुवारीत झाले, बेटांवाले मे महिन्यात. म्हणजे डोंगरवाले उजवीकडे, बेटांवाले डावीकडे. एका फोनमध्ये काम फत्ते. टिपटॉपने समिती नेमली असती.

१५ तारीख, शनिवार

तोफखान्याचे एक निवृत्त जनरल आजारी पडले, टेबलावर एक खुर्ची रिकामी. सचिवबाई म्हणाल्या, "तुमचे मेहुणे आहेत ना? बेटांच्या देशात ते प्रशिक्षणाला होते, त्यांची भाषा येते. घ्या त्यांना." माझा नाइलाज झाला. टेबलाच्या पार टोकाला, खांबाशेजारी त्याची जागा लावली.

संध्याकाळी सांगायला गेलो. गणवेशाला इस्त्री आहे ना, एवढंच तो स्वतःला विचारल्यासारखं पुटपुटला आणि कपाट उघडून बसला. मग मी टेबलावर ठेवलेला बैठकीचा तक्ता आणि पाहुण्यांचे फोटो त्याने उचलले आणि चष्मा लावला.

"हे डोंगरवाले उजवीकडे?"

"हो."

"प्रमुख, त्यांच्याकडे मोजणी जरा वेगळी असते. त्यांच्यात जनरल सुरूच मुळी…"

"मोजणीचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो. "तुम्ही जेवणाचं बघा."

त्याने फोटो खाली ठेवला. या लष्करी लोकांना वाटतं, गणवेश घातला म्हणजे सगळं कळतं. जिन्यात ही भेटली. म्हणाली, "तिथे तरी सगळ्यांसमोर त्याला एकदा जनरल म्हणा. तुमचं काय जातं?" मी म्हणालो, "नियम जातो." हिचा अबोला दोन दिवस पुरतो.

२१ तारीख, शुक्रवार

काल मेजवानी झाली. रात्री लिहायचं त्राण नव्हतं, आत्ता ऑफिसात दार लावून लिहितोय.

सगळं ठरल्याप्रमाणे सुरू झालं. मधे आमचे सेनाप्रमुख, उजवीकडे डोंगरवाले, डावीकडे बेटांवाले. मी दाराशी उभा. बेटांवाले बसले, मान वळवून सेनाप्रमुखांच्या पलीकडे बघितलं, डोंगरवाल्यांच्या खांद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं सूप गरम असेल. पण सूप अजून यायचं होतं. त्यांनी मांडीवरचा रुमाल काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली.

काय चुकलं ते समजेना.

आणि नेमक्या त्याच वेळी आमचे मेहुणे उठले! समोर सूप वाढलं जात असताना, कुणाची परवानगी न घेता, टेबलाची सगळी लांबी चालत आले आणि बेटांवाल्यांच्या कानाशी वाकून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. जेमतेम तीन-चार वाक्यं. बेटांवाल्यांनी सेनाप्रमुखांकडे बघितलं, छातीवर हात ठेवला, हळहळल्यासारखी मान हलवली आणि खुर्ची पुढे ओढून बसले. मेहुणे जागेवर परत गेले. त्यांचं सूप तोवर निवलं होतं. भोगा आपल्या कर्माची फळं.

त्यानंतर बेटांवाले संध्याकाळभर सेनाप्रमुखांच्या डाव्या कानाशी वाकून मोठमोठ्याने बोलत होते. सेनाप्रमुख आधी दचकले, मग तेही ओरडून बोलायला लागले. दोघांची इतकी गट्टी जमली की कॉफी यायच्या आत करारावर सह्या झाल्या. डोंगरवाले तर पहिल्यापासूनच खूश, खुर्चीच्या हातावरून हात फिरवत बसले होते.

मेजवानी यशस्वी झाली, पण मेहुण्यांची वागणूक मी पोटात घालू शकत नाही. नात्यापेक्षा नियम मोठा. 'निमंत्रिताने भोजन चालू असताना आसन सोडून मुख्य पाहुण्याशी विनापरवानगी संभाषण केले' अशी रीतसर तक्रार आजच सचिवबाईंकडे पाठवली. शिक्षा म्हणून वर्षभर कुठल्याही शासकीय मेजवानीचं निमंत्रण नाही, अशी शिफारसही केली. हिला अजून सांगितलेलं नाही.

२४ तारीख, सोमवार

झालं! झालं! झालं!

सचिवबाई स्वतः माझ्या खोलीत आल्या. "धन्य आहे तुमची," म्हणाल्या. "सेनाप्रमुखांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून मानाचा पाहुणा डावीकडे बसवलात! बेटांच्या वकिलातीने मुद्दाम कळवलंय, की यजमानाच्या दुखण्याचा इतका विचार आणि पाहुण्याचा इतका मान त्यांनी कुठेच बघितला नाही. मला तर कानाचं ठाऊकच नव्हतं हो."

मलाही नव्हतं. पण कौतुक चालू असताना शहाणा माणूस प्रश्न विचारत नाही. "आपल्याला बघावं लागतं बाई," एवढंच म्हणालो.

आदेश निघाला. कारण म्हणून त्यात कानाचा उल्लेख आहे. मी आजपासून प्रमुख. नुसता प्रमुख!

कायम झाल्यावर पहिला कागद सहीला आला तो मेहुण्यांच्या तक्रारीचाच. बाईंनी शिफारस मान्य केली होती, फक्त विभागप्रमुखाची सही हवी होती. 'प्रभारी' न लिहिता सही केली. हात किती हलका चालला म्हणून सांगू.

२६ तारीख, बुधवार

सेनाप्रमुखांच्या कार्यालयातून फोन: यापुढे साहेबांच्या प्रत्येक बैठकीत महत्त्वाचा माणूस डावीकडे. साहेबांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, हे आता साहेबांनाही जाणवायला लागलंय म्हणे. मी तसं कायमचं परिपत्रक काढलं. इतकी वर्षं या माणसाने डोंगर हादरवणाऱ्या तोफा उडवल्या आणि कान खराब झाल्याचं त्याला माझ्या मेजवानीत कळलं, याचं नवल वाटतं.

२८ तारीख, शुक्रवार

दुपारी डोंगरवाल्यांच्या वकिलातीत एका वेगळ्या कामासाठी फोन केला. तीच बाई. म्हणाली, "आमचे साहेब तुमचं नाव काढतात हो! पहिल्याच वर्षी एवढा मान!"

"पहिल्याच वर्षी म्हणजे?"

"यंदाच तर जनरल झाले. आमच्याकडे दोन तारे म्हणजे जनरलची पहिली पायरी. एका ताऱ्याचा जनरल आमच्यात नसतोच."

मी फोन ठेवला. पाणी प्यायलो. पुन्हा पाणी प्यायलो.

मी टू-स्टार विचारलं होतं. तिने खांद्यावरचे मोजून सांगितले. म्हणजे ज्याला मी मेजर जनरल समजलो तो त्याच्या एक पायरी खालचा, आपल्या ब्रिगेडियरएवढा. आणि खऱ्या मेजर जनरलला मी त्याच्या खाली बसवला! बेटांवाले सूप गरम म्हणून लाल झाले नव्हते. ते उठून चालले होते.

मग बसले का? त्या कानाने वाचवलं. सेनाप्रमुखांचा कान खराब नसता तर आज या खुर्चीत टिपटॉप असता. नशीब बलवत्तर, दुसरं काय. कुणाला सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

३० तारीख, रविवार

हे लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

जेवताना जरा खुशीत होतो. हिला म्हणालो, "प्रमुख म्हणून मी पहिली सही कशावर केली, ठाऊक आहे? नियमापुढे सख्खा मेहुणाही सोडला नाही." आणि निमंत्रणबंदीचं सांगितलं.

हिने हातातला घास ताटात ठेवला.

"दादाने मला शपथ घातली होती," म्हणाली. "पण आता बास. त्या पाहुण्याला काय सांगितलं त्याने, माहितीय? म्हणाला, आमच्या सेनाप्रमुखांचा उजवा कान तोफेने गेलाय. ज्याचं बोलणं महत्त्वाचं त्याला आम्ही डावीकडे बसवतो. उजवीकडे नुसता शोभेला."

"पण कान…"

"कसला कान अन् कसलं काय! जागेवर सुचलं त्याला. तो माणूस उठून गेला असता तर तुमचं काय झालं असतं? मला म्हणाला, 'सहा वर्षं थांबलाय बिचारा. बढती परत आली की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.' आणि तुम्ही? तुम्ही त्याचं जेवण बंद केलंत."

एवढं बोलून ती रडली.

थोड्या वेळाने खाली गेलो. मेहुण्याने दार उघडलं. अंगात जुना स्वेटर, हातात चहाचा कप. माझ्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं.

"तिने सांगितलं वाटतं. बायकांच्या पोटात तीळ भिजत नाही," तो म्हणाला. "जाऊ द्या हो. तिथे जेवणही सपकच असतं."

मी म्हणालो, "बंदी उठवायची तर कारण द्यावं लागेल. मी उद्या बाईंना सगळं सांगतो."

"वेडेपणा करू नका. कान गेला तर पदही जाईल."

"जाऊ दे."

मला आणखी काहीतरी बोलायचं होतं. इतकी वर्षं जे एक वाक्य मी वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना शिकवलं, ते परत घ्यायचं होतं. म्हणालो, "चुकलं माझं, जनरलसाहेब."

त्याचा चेहरा उजळला नाही. कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "ब्रिगेडियर. ब्रिगेडियर म्हणजे जनरल नव्हे."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण त्याने नुसती दुरुस्ती केली, मी करतो तशी. मी वर आलो. जिन्यात थांबावं लागलं.

३१ तारीख, सोमवार

सांगितलं. तारे, फोन, कान, सूप, सगळं. सचिवबाई आधी इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग पेनाला टोपण लावून म्हणाल्या, "हे मला सांगायलाच हवं होतं का?"

"हो," मी म्हणालो.

बंदी तिथल्या तिथे उठली. माझ्या बढतीच्या आदेशात कारण म्हणून कान होता. कान नाही तर आदेशही नाही, असं त्यांचंच म्हणणं पडलं, आणि नियमाने ते बरोबर आहे. मी स्वतः असतो तर हेच केलं असतं. उद्यापासून पुन्हा प्रभारी. टिपटॉपचं नाव वर जातंय. परिपत्रक मात्र तसंच राहणार, कारण आपला कान चांगला आहे हे सेनाप्रमुखांना सांगायची कुणाची छाती नाही.

संध्याकाळी घरी आलो. हिने चहा पुढे केला. इतक्यात खालून फोन आला.

"काय प्रमुखसाहेब, जेवायला येताय का दोघं?"

"प्रभारी," मी दुरुस्ती केली.

"ते ऑफिसात," मेहुणा म्हणाला. "या लवकर."

फोन हिच्या हातात दिला आणि तोंड धुवायला गेलो.